वर्तमानबंदी

सुप्रभा मगदूम खो-खो बघायला बसली की तिचे ओठ हलायचे. तिला स्वतःला ते माहीत नव्हतं. लग्नानंतर पहिल्यांदा तिच्याबरोबर सामन्याला आलेल्या भरतेशने ते सांगितलं, तेव्हा ती थोडी रागावलीच होती.

सांगलीच्या 'दैनिक सांगावा'त ती क्रीडा वार्ताहर होती. महाविद्यालयांच्या स्पर्धांचं थेट लेखन हे तिचं खास काम. मैदानाच्या कडेला बसायचं आणि खेळ चालू असतानाच दोन-तीन ओळी लिहून पेपरच्या संकेतस्थळावर टाकत राहायचं. खो कुणाला मिळाला, खांबापाशी कोण चकली, कुणाचा गुडघा दुखावलाय आणि तरी ती पळतेय. हे सामने कुठल्याही वाहिनीवर दिसत नसत. वाचणारे बहुतेक घरचेच असायचे. मुलींचे आईवडील, माम्या, शिक्षण संपून संघाबाहेर गेलेल्या खेळाडू. भरतेशही त्यांतलाच. तो आयटीआयमध्ये लेथ मशीन चालवायला शिकवायचा. मावसबहीण खेळायची म्हणून तो वाचू लागला, आणि बहिणीचं खेळणं थांबलं तरी वाचत राहिला.

वाचणाऱ्यांत स्पर्धेचे संयोजकही असत. एका वर्षी तिने लिहिलं, 'पलीकडच्या खांबाकडे वळताना मुलींच्या डोळ्यांवर दिवा येतोय.' पाठलागाची पुढची पाळी सुरू व्हायच्या आत कुणीतरी शिडी लावून दिवा वळवला. तिला कुणी काही म्हटलं नाही, तिनेही कुणाला विचारलं नाही. असं अधूनमधून व्हायचंच.

मग कंठपट्टी आली.

माणूस मनातल्या मनात बोलतो तेव्हा तो अगदीच गप्प नसतो. 'पळ' हा शब्द नुसता मनात म्हटला तरी तो उच्चारण्याचा हुकूम मेंदू जिभेला आणि स्वरयंत्राला पाठवतोच, फक्त फार हलका. स्नायू हलत नाहीत, पण त्यांच्यात विजेची बारीक थरथर उठते. ती कातडीवरून टिपता येते हे शास्त्रज्ञांना बऱ्याच आधीपासून माहीत होतं. अडचण होती ती त्या थरथरीतून शब्द ओळखण्याची. शिकणाऱ्या यंत्रांनी ती सोडवली. बोटभर रुंदीची, कातडीच्या रंगाची पट्टी गळ्यावर चिकटवायची आणि काही दिवस एकच मजकूर आधी मोठ्याने, मग मनात वाचायचा. पट्टी तुमच्या गळ्याची रीत शिकायची. त्यानंतर मनात म्हटलेलं वाक्य थेट पडद्यावर उमटायचं.

पट्टीला मन वाचता येत नव्हतं. डोळ्यांपुढचं चित्र, पोटातली भीती, आठवण, यातलं तिला काही कळत नसे. माणसाने स्वतःशी म्हटलेला शब्द तेवढा तिला कळायचा.

सुप्रभाला ती फार आवडली. लिहिण्यासाठी मान खाली घालायला नको, नजर मैदानावरून हलायला नको. तिचे ओठ तर आधीपासून हलतच होते. तिचं लिखाण इतकं जिवंत झालं की सांगलीबाहेरूनही लोक वाचू लागले. आणि महाविद्यालयांच्या खेळांना वाचक आहेत, प्रेक्षक आहेत, हे 'समक्ष' नावाच्या कंपनीच्या लक्षात आलं.

समक्षने विद्यापीठांच्या क्रीडा मंडळाशी करार केला. चित्राचे आणि आवाजाचे हक्क विकत घेणं जुनंच होतं. या कंपनीने त्याच्या पुढचं मागितलं. 'चालू खेळाचे कोणत्याही स्वरूपातील वर्णन' फक्त तिचं. पाळी सुरू झाल्याच्या शिट्टीपासून ती संपल्याच्या शिट्टीपर्यंत मैदानात काय चाललंय हे जगाला समक्षचं यंत्र सांगणार. पत्रकारांनी पाळी संपल्यावर काय ते लिहावं. फोन दारात जमा करायचे आणि मजकूर कंपनीच्याच यंत्रणेतून पाठवायचा.

"म्हणजे वर्तमानपत्राला वर्तमान लिहायची बंदी," सांगावाचे संपादक इनामदार बैठकीत म्हणाले. दोघे-तिघे हसले. पत्रकार संघटना न्यायालयात गेली. निकाल लागेपर्यंत करार चालू राहील, असं न्यायालयाने सांगितलं.

खरी गोची पट्टीची झाली. सामन्याला येणाऱ्या प्रत्येक पत्रकाराने समक्षने दिलेली पट्टीच लावायची आणि ती खेळ चालू असताना काढायची नाही, असा नियम आला. कारण सरळ होतं. गळ्यावर जागा एकच असते. तिथे कंपनीची पट्टी असली की दुसऱ्या कुणाची लपवून लावता येत नाही. पण पाळी चालू असताना पत्रकाराच्या मनात एखादं वाक्य आलं, तर ते काय समजायचं? पाठवण्यासाठी म्हटलेलं आणि सहज मनात आलेलं, यांत पट्टीला फरक करता येत नव्हता. करार लिहिणाऱ्यांनी सोपा मार्ग काढला. शब्द घडला म्हणजे वर्णन घडलं. तसं झालं की पट्टी गळ्यावर हलकेच थरथरायची आणि नोंद व्हायची. नोंदी साठल्या की त्या वार्ताहराच्या अख्ख्या पेपरचा प्रवेश हंगामभर बंद.

पहिल्या सामन्यात सुप्रभाची पट्टी थरथरायची थांबलीच नाही. समक्षतर्फे पत्रकारांची व्यवस्था बघणारा निहार पालेकर नावाचा तरुण अदबीने तिच्या शेजारी येऊन बसला.

"मॅडम, तुमची सारखी नोंद होतेय."

"मी काहीही पाठवलेलं नाही."

"मला कळतंय. पण शब्द घडतायत ना. आम्ही एक शिबिर घेतोय, तुम्ही याच. खूप सोपं असतं ते."

शिबिर खरंच सोपं होतं. जीभ खालच्या दातांमागे सैल सोडायची. नजर एका कुणावर न ठेवता सगळ्या मैदानावर पसरायची. शब्द येतोयसं वाटलं की श्वास सोडायचा. "बघा, पण स्वतःला सांगू नका," शिकवणारी बाई म्हणायची. सुप्रभाची आत्या चातुर्मासात मौन धरायची, पण तिच्या मौनात आत णमोकार मंत्र चालू असायचा. इथे आतही काही चालू द्यायचं नव्हतं.

पेपरचा प्रवेश जाऊ नये म्हणून सुप्रभाने मन लावून सराव केला. हंगाम अर्ध्यावर आला तोवर तिची पट्टी पाळीच्या पाळी कोरी राहू लागली. निहार इतरांना तिचं उदाहरण देऊ लागला. पाळी संपली की ती गुण लिहायची, बाद झालेल्यांची नावं लिहायची. सगळं बिनचूक असायचं. वाचक हळूहळू कमी झाले, आणि त्याचं तिला काही वाटलं नाही.

एका रविवारी भरतेश अंगणातून गाडी मागे काढत होता. सुप्रभा नेहमीसारखी फाटकाजवळ उभी राहून हाताने 'ये, ये' करत होती. गाडी नळाच्या खांबाकडे सरकली. सुप्रभाने ते नीट पाहिलं. मागचा दिवा खांबाला टेकला, फुटला, मग नळ वाकला आणि पाण्याची चिळकांडी गाडीच्या टपावर उडू लागली.

भरतेश उतरला. "अगं, दिसलं नाही का तुला?"

"दिसलं."

"मग थांब म्हणायचं ना."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तो भिजत मीटरजवळचा कॉक बंद करायला धावला. परत येऊन त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि फुटलेल्या दिव्याचं काही बोलला नाही.

त्या आठवड्यात जेवताना तो म्हणाला, "तू बोलत नाहीस असं नाही. विचारलं की सांगतेस. पण आपणहून काही नाही. पूर्वी ताट वाढतानाच सुरू व्हायचीस."

"काय सांगू?"

"काहीही. नाहीतर माझ्याशी भांड."

कशावरून भांडता येईल, याचा तिने खरोखर विचार केला. काही सापडलं नाही. तिला वाईटही वाटत नव्हतं. वाईट वाटतंय हे माणसाला स्वतःला सांगावं लागतं, आणि ते सांगणं तिने सोडून दिलं होतं.

आंतरविद्यापीठ स्पर्धेचा मुलींचा अंतिम सामना सांगलीतच होता, नव्या बंदिस्त क्रीडागृहात. निळी मॅट, दोन टोकांना दोन खांब. मधल्या पट्ट्यावर पाठलाग करणाऱ्या मुली आळीपाळीने उलटसुलट तोंडं करून बसलेल्या, आणि त्यांच्याभोवती जीव खाऊन पळणाऱ्या दुसऱ्या संघाच्या मुली. मिरजेची श्रावस्ती कांबळे यजमान संघाची कर्णधार होती. ती अकरावीत असल्यापासून सुप्रभा तिच्याबद्दल लिहीत आली होती. श्रावस्तीचा वेग शेवटच्या दोन पावलांत वाढायचा. खांबापाशी पळणाऱ्या मुलीला वाटायचं की आपण सुटलो, आणि तेवढ्यात पाठीवर हात पडायचा.

पत्रकारांची रांग डावीकडच्या खांबाजवळ होती. तिथे मॅटचे दोन तुकडे एकमेकांना भिडत होते. पहिल्याच पाळीत तिथली कड उचललेली सुप्रभाला दिसली. नखाएवढी. खांबाकडे कुणी झेप घेतली की ती आणखी थोडी सुटायची. दुसऱ्या पाळीत एक मुलगी तिच्यावरून अडखळली आणि सावरली, तेही तिने पाहिलं. तिची जीभ सैल होती, नजर पसरलेली होती.

पाळी संपली, लिहायची मुभा मिळाली. तिने गुण लिहिले. बाद झालेल्या मुलींची नावं लिहिली. मॅटचं लिहिलं नाही. तिने ते लपवलं असं नव्हे. स्वतःलाच सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे लिहायच्या गोष्टींमध्ये ते आलंच नाही.

शेवटच्या पाळीत यजमान संघाला जिंकायला एकच खेळाडू बाद करायची राहिली होती. बाजूला उभ्या असलेल्या प्रशिक्षकांनी "डावीकडे" म्हणून हाक दिली. श्रावस्तीला खो मिळाला. ती उठली आणि डावीकडे वळून खांबाच्या दिशेने सुटली. आता कड चांगली दोन बोटं वर आलेली होती. श्रावस्तीचं पाऊल कुठे पडणार हे सुप्रभाला दिसत होतं. पाऊल तिथेच पडलं. बुटाचं टोक कडेखाली गेलं, अंग गर्रकन फिरलं आणि पाठ खांबावर आदळली.

शिट्टी वाजली. मैदानातल्या मुली धावल्या, गॅलरीत कुणीतरी रडू लागलं. पत्रकारांच्या रांगेत कुणी जागचं उठलं नाही. सगळ्यांनी शिबिर केलेलं होतं. समक्षच्या यंत्राने जगाला सांगितलं, 'खेळात थोडा व्यत्यय आला आहे.' सुप्रभाने गळ्याला हात लावून पाहिला. पट्टी शांत होती.

श्रावस्तीच्या पाठीचा मणका मोडला. जीव वाचला, हात वाचले. कमरेखाली काही हलेना. डॉक्टरांनी तिच्या आईला सांगितलं की हलेल असं धरून चालू नका.

क्रीडा मंडळाने चौकशी नेमली. निवृत्त न्यायाधीश अणावकरबाई चौकशी करणार होत्या. संयोजकांचं म्हणणं होतं की मॅट ऐनवेळी सुटली, आधी ती ठीक होती. कॅमेऱ्यांना खांबाचा तळ दिसत नव्हता, मध्ये बसलेल्या मुली आड येत होत्या. समक्षने मात्र एक नवाच पुरावा पुढे केला. खांबाजवळ अनुभवी पत्रकारांची अख्खी रांग बसलेली होती. प्रत्येकाच्या गळ्यावर पट्टी होती. धोका दिसण्याजोगा असता तर निदान एकाच्या तरी मनात शब्द उमटला असता. सगळ्या पट्ट्या कोऱ्या. म्हणजे दिसण्यासारखं काही नव्हतं. म्हणजे हा अपघात, आणि त्याला जबाबदार कुणीच नाही.

निहार एक जबाब टाइप करून सुप्रभाच्या कार्यालयात आला. 'मला धोकादायक असे काही आढळले नाही,' असं त्यात होतं.

"बाकीच्यांनी सह्या केल्यात, मॅडम. आणि तुमच्या पट्टीत काही नाहीच आहे. म्हणजे तुम्ही खरं तेच लिहून देताय."

"पट्टीत नाही," सुप्रभा म्हणाली.

त्याला तो होकार वाटला. कागद टेबलावर ठेवून तो गेला. इनामदारांनी तिला आत बोलावलं. "सही कर असं मी सांगणार नाही," ते म्हणाले. "पण आपला प्रवेश त्यांच्या हातात आहे, एवढं लक्षात ठेव."

घरी भरतेशने तो कागद वाचला. "तुला काही दिसलं होतं का?"

"मॅट सुटलेली दिसत होती. पहिल्यापासून."

त्याने कागदाची घडी घातली. मग म्हणाला, "हे कुणाला सांगू नकोस. मॅट लावणारे राहतील बाजूला, लोक तुला धरतील." तो तिच्यासाठी घाबरलाय हे तिला कळलं. कळलं, आणि तेवढ्यावरच राहिलं.

दुसऱ्या दिवशी ती मिरजेच्या इस्पितळात गेली. का जातेय हे तिने स्वतःला विचारलं नाही. वॉर्डाबाहेरच्या बाकावर श्रावस्तीची आई बसली होती. कुसुम कांबळे एसटीत कंडक्टर होत्या. अंगावर खाकी तशीच होती, ड्युटी संपवून थेट आल्या होत्या. सुप्रभाने नाव सांगितलं तशा त्या उठून उभ्या राहिल्या.

"सांगावातल्या मगदूमबाई का तुम्ही? तुमचं वाचूनच मी पोरीचा खेळ बघितलाय. ड्युटी टाकून मॅचला कधी जाता आलं न्हाई. स्टँडवर गाडी लागली की आधी फोन काढायची. ह्या वर्षी तुमचं काय येतच न्हाई."

"बंद केलंय आमचं."

"तुम्ही तिथं होता न्हवं त्या दिवशी?" कुसुमताईंनी तिचा हात धरला. "मला सांगा की. सगळे म्हणतात पडली. पडली म्हणजे कशी पडली? त्याच्या आधी काय झालं? खेळत तर चांगली होती का?"

सुप्रभाने तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. चित्र सगळं समोर होतं. पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत एकही क्षण पुसलेला नव्हता, पण त्याला शब्द लागलेले नव्हते. ती बाकावर बसली. कुसुमताई वाट बघत राहिल्या. सुटे पैसे शोधणाऱ्या प्रवाशापुढे उभं राहावं तसा त्यांचा धीर होता.

"नाणेफेक त्यांनी जिंकली," सुप्रभा शेवटी म्हणाली. मग थांबली. मग पुढचं वाक्य आलं. एकेक ओळ अशी यायची, जणू ती दुसऱ्या कुणाची भाषा बोलत होती. श्रावस्तीने पहिल्या पाळीत कुणाला हुलकावणी दिली, ते तिने सांगितलं. पाणी प्यायला गेली तेव्हा ती कशावर तरी हसली, ते सांगितलं. कुसुमताईंचे डोळे मिटलेले होते, त्या ऐकत होत्या. आणि असं ओळीमागून ओळ सांगताना खांबाजवळची कड आली, तेव्हा सुप्रभाने तीही सांगितली. पहिल्या पाळीत नखाएवढी. दुसऱ्या पाळीत एक मुलगी अडखळली. शेवटी दोन बोटं.

कुसुमताईंनी डोळे उघडले. "तुम्हाला दिसत होतं?"

"हो."

"पहिल्यापासनं?"

"हो."

"मंग वरडला का न्हाई?"

कुसुमताईंनी तिच्या हातातून आपला हात काढून घेतला. रुमालाने तोंड पुसलं. वॉर्डाच्या दाराकडे बघत त्या म्हणाल्या, "तिथं जाऊन सांगा हे. मला सांगून काय उपयोग." आणि आत निघून गेल्या.

चौकशी कलेक्टर कचेरीमागच्या एका सभागृहात चालली होती. सुप्रभाने अणावकरबाईंना जे दिसलं ते सांगितलं. समक्षचे वकील उठले.

"आमच्या नोंदीप्रमाणे संपूर्ण सामन्यात या बाईंच्या मनात खेळाविषयी एकही शब्द आलेला नाही. माणूस बघतो ते त्याच्या मनात शब्दांत येतंच. यांना हे सगळं नंतर सुचलेलं आहे."

"पूर्वी यायचं," सुप्रभा म्हणाली. "मग तुम्ही शिबिर घेतलंत."

अणावकरबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "म्हणजे शब्दांशिवाय बघता येतं असं तुमचं म्हणणं आहे?"

"मला पट्टी लावा. काहीही दाखवा."

वकिलांनी हरकत घेतली, ती बाईंनी ऐकली नाही. निहारलाच पट्टी लावायला सांगितलं. त्याने ती तिच्या गळ्यावर लावली. पट्टी भिंतीवरच्या पडद्याला जोडली आणि दुसऱ्या पडद्यावर कुठल्याशा शालेय सामन्याची एक पाळी लावली. सुप्रभाने जीभ सैल सोडली. पाळी सुरू झाली, चालली, संपली. पट्टीचा पडदा पांढराच राहिला.

"आता सांगा," बाई म्हणाल्या.

शब्द यायला वेळ लागला, पण आले. कोणती मुलगी आधी बाद झाली. मधल्या रांगेतली एक जण बसल्या बसल्या बुटाची नाडी बांधत होती आणि तिच्यामुळे एक खो उशिरा गेला. पंचांच्या मागे भिंतीवरचं घड्याळ बंद होतं. "आणि पाळी चालू असताना," ती म्हणाली, "वकीलसाहेबांनी चष्मा काढून पुसला. दोनदा. दुसऱ्यांदा टायने."

कुणी हसलं नाही. वकील उभेच होते. त्यांनी आवाज खाली आणला. "ठीक आहे. म्हणजे मॅट सुटलेली तुम्हाला दिसत होती, ती मुलगी त्या दिशेने येताना दिसत होती, आणि तुम्ही ओरडला नाहीत."

"नाही."

"का?"

अणावकरबाईंनी तिला घाई केली नाही.

"थांब हा शब्द आधी मला स्वतःशी म्हणावा लागला असता," ती म्हणाली.

अहवाल आला. कोरी पट्टी हा काही न दिसल्याचा पुरावा धरता येणार नाही, असं त्यात होतं. संयोजक आणि समक्ष, दोघांवरही जबाबदारी ठेवली होती. श्रावस्तीच्या पुढच्या उपचारांचा खर्च त्यांनी करायचा होता. समक्षने अपील केलं, पण पुढच्या हंगामापासून मनातल्या शब्दांचं कलम काढून टाकलं. पाळी चालू असताना आता पट्टी बंद ठेवता येते. वर्णनाचे हक्क मात्र कंपनीकडेच राहिले. शिट्टी वाजेपर्यंत लिहायचं नाही, हे तसंच आहे.

सुप्रभाचा प्रवेश रद्द झाला. तिने चौकशीत जाहीर केलेली माहिती करारात बसत नाही, असं समक्षने कळवलं. सांगावाचा प्रवेश वाचावा म्हणून इनामदारांनी तिला बाजारभावांच्या पानावर नेलं. ते तिच्या नजरेला नजर देत नसत. भरतेशचं म्हणणंही खरं ठरलं. मॅट लावणाऱ्यांची नावं कुणाच्या लक्षात राहिली नाहीत. 'त्या बाईंनी पाहिलं होतं' एवढं सगळ्यांच्या लक्षात राहिलं. अनोळखी लोक फोनवर वाटेल ते लिहायचे. भरतेश प्रत्येकाला उत्तर देत बसायचा, सभ्य भाषेत, समजावून.

"नको देऊस उत्तरं," एकदा ती आपणहून म्हणाली. "ते चूक लिहीत नाहीयेत."

त्याने फोन खाली ठेवला. ती आपणहून बोलली याचा त्याला आनंद झाला की काय बोलली याचं दुःख, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

उन्हाळ्यात श्रावस्तीचा निरोप आला. ती मिरजेतल्या एका पुनर्वसन केंद्रात चाकांची खुर्ची चालवायला शिकत होती. सुप्रभा गेली तेव्हा ती व्हरांड्यात होती, हातांत जाड मोजे घातलेली, खांदे पूर्वीपेक्षा रुंद झालेले. शेजारी एक बाक होता. त्यावर तिच्या आईची मोठी पिशवी आणि पाण्याच्या बाटल्या ठेवलेल्या होत्या. सुप्रभा उभी राहिली.

"आई औषधं आणायला गेलीय," श्रावस्ती म्हणाली. "तिला तुम्ही सगळी मॅच सांगितलीत ना? तिला ती पाठ झालीय. मला रोज ऐकवते."

सुप्रभाने मान डोलावली.

"मला एकच विचारायचं होतं. तुम्ही ओरडला असतात तर मला ऐकू आलं असतं का?" तिने उत्तराची वाट पाहिली नाही. "मला वाटतं नसतं आलं. खो मिळाला की माझ्या कानात काही शिरत नाही."

"सर डावीकडे म्हणाले, तेव्हा तू डावीकडे वळलीस," सुप्रभा म्हणाली. "ऐकलं असतंस."

श्रावस्ती चाकाच्या कडीवरून अंगठा फिरवत राहिली. "हं. मलाही खरं तर तसंच वाटतं. पण आईला मी सांगितलंय की ऐकू आलं नसतं. ती तुम्हाला विचारेल बघा. तिला झोप लागत नाही त्यावरून."

व्हरांड्याच्या टोकाकडून कुसुमताई औषधांची पिशवी घेऊन आल्या. सुप्रभाला बघून त्यांची चाल थोडी मंदावली, मग पुन्हा पहिल्यासारखी झाली.

"काय म्हणत होती पोरगी?"

"तिला ऐकू आलं नसतं, असं म्हणते," सुप्रभा म्हणाली.

"ती म्हणते. तुम्ही काय म्हणता?"

श्रावस्तीने मान वळवून बाहेरच्या आवाराकडे पाहायला सुरुवात केली. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, एक रुग्णवाहिका उभी होती. सुप्रभाच्या मनात शब्द आला. तो तिने शोधला नव्हता आणि अडवलाही नाही.

"मी ओरडायला हवं होतं."

कुसुमताई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी बाकावरची पिशवी उचलून खाली ठेवली, बाटल्या बाजूला सरकवल्या.

"उभ्या किती वेळ ऱ्हाणार," त्या म्हणाल्या. "बसा."